शेवटच्या सायकलच्या मागे

१

आमच्या सायकल मंडळात माणसं पाच, आणि पाचांची वयं मिळवली तर तीनशे सत्तेचाळीस. दर गुरुवारी सकाळी नऊला आम्ही चर्चसमोरच्या झाडाखाली जमतो आणि जिथे मोटारी फिरकत नाहीत अशा वाटांनी चाळीस-पन्नास किलोमीटर फिरून येतो. अशा वाटांना फ्रान्सच्या मधल्या भागातल्या आमच्या क्रूज जिल्ह्यात तोटा नाही. इथे माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईंना मोटार चालवता येत नाही. दोन्ही बाजूंना झुडपांची उंच कुंपणं, मधे एक गाडी जेमतेम जाईल एवढा डांबराचा पट्टा, आणि त्याच्याही मधोमध गवताची रेघ. कित्येकदा सबंध सकाळभर पोस्टाची गाडी सोडली तर काही भेटत नाही.

सगळ्यात पुढे ओदेत. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे पुढे राहायची सवय. तिच्यामागे रेमों, गावचा जुना बेकरीवाला, ज्याला दर अर्ध्या तासाने भूक लागते. मग अर्मां, गुरांचा डॉक्टर. मग माझी बायको मिरेय. आणि सगळ्यात शेवटी मी, ऑक्ताव, छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलच्या केबिनमध्ये बसलेला माणूस. मंडळी मला स्टेशनमास्तर म्हणतात. मी स्टेशनमास्तर कधीच नव्हतो, पण हे सांगून सांगून आता कंटाळलो.

शेवटची जागा ही आमच्यात मानाची. दंडावर पिवळी पट्टी बांधायची, मागे लक्ष ठेवायचं, आणि मोटार दिसली की ओरडायचं, "मागून गाडी!" मग प्रत्येकाने आपल्या पुढच्याला तीच हाक पोचवायची आणि उजव्या कडेला यायचं. कुणीही मागे वळून बघायचं नाही. पासष्ट वर्षांवरच्या माणसाने मान वळवली की त्याची सायकलही वळते, हे आम्ही दोन फ्रॅक्चर झाल्यावर शिकलो. वळून बघायचं काम एकट्या शेवटच्याचं. बाकीच्यांनी हाकेवर विश्वास ठेवायचा.

आधी शेवटी असायचा तो आशील मार्चमध्ये आपल्या मुलीकडे राहायला गेला, तेव्हा त्याची पट्टी मला मिळाली. मिरेयलाही ती हवी होती.

"तुझ्या कानांना काय ऐकू येतं?" ती म्हणाली होती. "मी जेवायला हाक मारते तर तिसऱ्या वेळी ओ देतोस."

"मोटारीचा आवाज वेगळा असतो," मी म्हणालो.

"हो ना. मोटार काम सांगत नाही."

२

जूनच्या पहिल्या गुरुवारी आम्ही धुण्याच्या जुन्या हौदापाशी आलो. रस्ता तिथे उताराला लागतो, हौदाचं छप्पर डाव्या हाताला, आत पाण्याची धार चोवीस तास चालू. ऊन छान पडलं होतं. मी मिरेयच्या पाठीकडे बघत, घरची चेरी पिकायला किती दिवस लागतील याचा हिशोब करत चाललो होतो. माझ्या मागून आवाज आला.

"मागून गाडी!"

मीही लगेच ओरडलो, "मागून गाडी!" मिरेयने ते अर्मांला दिलं, अर्मांने रेमोंला, रेमोंने ओदेतला. सगळे उजवीकडे झाले. सगळं अगदी घड्याळासारखं.

आपण काय केलं ते मला दहा-बारा वेळा पायडल मारल्यावर कळलं. तीस वर्षं मी मधे सायकल चालवली होती. मागून हाक आली की पुढे द्यायची, हे अंगात इतकं मुरलेलं की माझ्या मागे आता कुणी नाही हेच ध्यानात राहिलं नाही. शेवटचा मी. मग मला हाक कुणी दिली?

मी वळून बघितलं. रस्ता रिकामा. हौदाची धार वाहत होती, चिमण्या ओरडत होत्या, आणि गाडी काही आली नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती मी पुढे दिली नव्हती. त्या आवाजाने नुसतं "मागून गाडी" म्हटलं नव्हतं. त्यानंतर तो म्हणाला होता, "रेमों, केळं नंतर!" पुरुषाचा, जरा चिरका आवाज. रेमोंच्या हातात केळं नव्हतं. दोन्ही हात हँडलवर होते.

मी घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं. काही विचित्र घडलं की आधी वेळ बघायची, ही रेल्वेची सवय.

३

जेवायला आम्ही एका गवताळ चढावर थांबलो. लोणी लावून मुळे, सॉसेज, बकरीचं चीज, मिरेयने केलेली बटाट्याची पाई आणि तिसऱ्या पेल्यानंतर चांगली लागायला लागणारी वाइन.

"स्टेशनमास्तर," रेमों तोंड भरून म्हणाला, "तुझी गाडी लेट आहे वाटतं. अजून आली नाही."

"रद्द झाली असेल," अर्मां म्हणाला.

"नियम म्हणजे नियम," ओदेत म्हणाली. खोटी हाक दिली की पुढच्या गुरुवारी गोड पदार्थ त्याने आणायचा, असा आमचा दंड आहे, आणि जूनमध्ये गोड म्हणजे क्लाफुती, चेरी घातलेला मऊ केक. "क्लाफुती आणायची. आणि चेरीच्या बिया काढायच्या नाहीत. बिया काढलेली क्लाफुती मी खात नाही."

"तो कसली करतोय?" मिरेय म्हणाली. "हाक त्याने द्यायची आणि क्लाफुती मी करायची."

सगळे हसले, मीही हसलो. अर्मांला मी बाजूला घेऊन हळूच विचारलं, की या वयात कानात आवाज येतात का.

"शिट्टी वाजते. भुणभुण होते," तो म्हणाला. "तुला काय ऐकू येतं?"

"भुणभुण," मी म्हणालो.

"गाय असतीस तर थेंब दिले असते. माणसांच्या डॉक्टरकडे जा."

मी खोटं का बोललो ते सरळ सांगतो. ही पट्टी मला आवडायची. रेल्वे गेल्यापासून माझ्या भरवशावर कुणी उजवीकडे-डावीकडे झालेलं नव्हतं. मागून नसलेली माणसं बोलतात असं मी म्हटलं असतं, तर त्याच दुपारी पट्टी मिरेयच्या दंडावर गेली असती. म्हणून मी मनाला समजावलं. हौदाला छप्पर आहे, छपराखाली आवाज घुमतो, पुढे रेमों काहीतरी बोलला असेल आणि ते मागून आल्यासारखं वाटलं असेल. केळ्याचं स्पष्टीकरण मात्र सापडलं नाही. ते मी तसंच सोडून दिलं.

४

पुढच्या गुरुवारी क्लाफुती माझ्या मागच्या पिशवीत होती, आणि मी फार खुशीत होतो. त्याच वाटेने निघालो. हौदाजवळ उतार लागला. रेमोंने खिशातून केळं काढलं, एका हाताने सोलायला लागला, आणि सायकल हळूहळू डावीकडे जायला लागली. मागे इंजिनाचा आवाज आला. मी वळलो. पांढरी व्हॅन, चांगल्या वेगात, वळणावरून येत होती.

"मागून गाडी!" मी ओरडलो. "रेमों, केळं नंतर!"

रेमों उजवीकडे झाला. व्हॅन गेली. रेमोंने केळ्याचा उरलेला तुकडा एकदम तोंडात कोंबला आणि अंगठा वर केला.

मी घड्याळ बघितलं. दहा वाजून दहा मिनिटं.

मी स्वतःला सांगितलं, की हे शब्द माझ्या डोक्यात आठवडाभर घोळत होते, म्हणून तोंडातून तेच आले. रेमों कधीही काहीही खात असतो. योगायोग म्हटला तरी फार मोठा नाही. हे सगळं पटण्यासारखं होतं आणि मला जवळजवळ पटलंही.

परतीच्या वाटेवर चेस्टनटच्या झाडांखालचा सरळ रस्ता लागतो. तिथे कोरडं, सावली, झाडं फुललेली. मिरेय माझ्यापुढे तीन-चार मीटरवर काहीतरी गुणगुणत होती. मागून तोच आवाज आला, पण या वेळी तो घाबरलेला होता.

"मागून गाडी! मिरेय, उजवीकडे! मिरेय!"

मग सायकल पडल्याचा आवाज. मग मोकळ्या चाकाची टिक टिक टिक, हळू होत जाणारी. त्याच्यामागे बेडूक ओरडत होते, पुष्कळ बेडूक. त्या रस्त्याच्या आसपास दोन किलोमीटरपर्यंत डबकंसुद्धा नाही.

मी हाक पुढे दिली नाही. मी मागे वळलो. रस्ता लांबवर रिकामा, आणि अगदी टोकाला, झाडं जिथे एक होतात तिथे, काहीतरी पिवळं हललं. रानफुलं असतील, मी म्हटलं. या दिवसांत सगळीकडे पिवळी फुलं असतात.

अकरा वाजून चाळीस मिनिटं.

"काय रे, झोपलास का मागे?" मिरेय पुढूनच ओरडली.

"नाही," मी म्हणालो. "आहे मी."

५

तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. मिरेय अंगणात कोंबड्यांना दाणे टाकताना, माझ्या सदऱ्याला बटण लावताना, शेजारणीशी भांडताना मी तिच्याकडे बघत बसायचो. सेहेचाळीस वर्षं संसार झाला की माणूस बायकोकडे बघायचं विसरतो. ती अजून सुंदर आहे, हे मला त्या आठवड्यात नव्याने कळलं.

"गुरुवारी नको जाऊ या," मी सोमवारी म्हणालो.

"का?"

"पाऊस येईल."

"हवामानवाले ऊन सांगतायत."

"माझा गुडघा दुखतोय."

"तू घरी बस. पट्टी मला दे." तिने डोळे बारीक केले. "की मी नसताना दुसरी कुणी येणार आहे? ओदेत?"

ओदेतचं नाव ऐकून मला हसू आलं आणि बोलणं तिथेच संपलं. मिरेयला एखाद्या गोष्टीपासून अडवायचं म्हणजे ती तिने शंभर टक्के करावी अशी व्यवस्था करायची. म्हणून मी दुसरा विचार केला. हौदापाशी हाक आली होती ती त्याच जागी, त्याच वेळी खरी झाली होती. म्हणजे चेस्टनटच्या रस्त्यावर अकरा चाळीसला मिरेय नसली की झालं. आणि जिथे मोटार जाऊच शकत नाही अशा ठिकाणी असली तर सोन्याहून पिवळं.

अशी जागा आमच्याकडे एकच आहे. माझ्या रेल्वेचा मार्ग. रूळ उखडून त्यावर सायकलवाट केली आहे, दोन्ही टोकांना लोखंडी खांब रोवलेत, मोटारींना बंदी. ती झाल्यापासून मी एकदाही तिथे गेलो नव्हतो. आपल्या केबिनच्या जागी बसायचा बाक बघायला कोण जाणार?

मंगळवारी मी ओदेतला फोन केला.

"तू?" ती म्हणाली. "तू त्या वाटेवर यायचं म्हणतोस? तिकडे बाबागाड्या ढकलणारे जातात, ऑक्ताव. इस्त्रीच्या टेबलासारखी सपाट आहे ती वाट."

"गुडघा दुखतोय."

मग ती मऊ आवाजात म्हणाली, "बरं. जाऊ या. कधीतरी जायलाच हवं होतं तुला."

तिला वाटलं, म्हातारा हळवा झालाय. मी तसं वाटू दिलं.

६

वाट खरंच छान केली आहे, हे मला मान्य करावं लागलं. कुठे चढ नाही, उतार नाही, दोन्ही बाजूंना सावली. मंडळी सैल सुटली. तीन-तीन जण शेजारीशेजारी चालवायला लागले. रेमोंने तर गाणं सुरू केलं. माझ्या केबिनच्या जागी बाक होताच, त्यावर एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती. मी तिला टोपी काढून नमस्कार केला. तीही हसली.

अकरा वाजून तीस मिनिटं. खांब मागे राहिले, चेस्टनटचा रस्ता डोंगरापलीकडे बारा किलोमीटर दूर. मी इतका आनंदात होतो की मीही रेमोंच्या गाण्यात सूर मिसळला.

"बेसुरा आहेस," मिरेय म्हणाली. ती डाव्या कडेने चालवत होती, फुलं बघत.

अकरा चाळीसला वाट एका वळणावर मोकळी झाली आणि उजवीकडे तळं दिसलं. बेडूक ओरडत होते. पुष्कळ बेडूक.

माझ्या तोंडातलं गाणं तिथेच राहिलं. मी पिवळ्या पट्टीचा माणूस, म्हणून मी मागे वळलो. वळणावरून एक छोटी, विजेवर चालणारी गाडी येत होती, कापलेल्या गवताने कमरेएवढ्या उंचीपर्यंत भरलेली. गवत कापणाऱ्यांसाठी त्या दिवशी एका टोकाचा खांब काढला होता, हे आम्हाला नंतर कळलं. तिला आवाज नव्हता. चालवणारा खाली वाकून काहीतरी शोधत होता.

"मागून गाडी!" मी ओरडलो.

कुणी हललं नाही. रेमों हसला. "रेल्वे आली रे, रेल्वे आली!" इथे गाडी येऊ शकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मंगळवारपासून मीच तर सांगत होतो.

"मिरेय, उजवीकडे! मिरेय!"

त्या क्षणी मला पुढे दिसलं. ओदेतच्याही पुढे, वाट जिथे झाडांत शिरते तिथे, आणखी काही सायकली एका रांगेत चालल्या होत्या. शेवटच्या माणसाच्या दंडावर पिवळी पट्टी होती. तो मान वळवून माझ्याकडे बघत होता. एवढ्या लांबून चेहरा दिसत नाही. पण बघणाऱ्याला काही समजलेलं नाही, एवढं मात्र कळत होतं.

मिरेय उजवीकडे झाली. वळून न बघता, विचार न करता, तीस वर्षांच्या सवयीने. गाडी तिच्या डाव्या कोपराला घासून गेली. ती सायकलसकट काठावरून खाली गडगडली. मग चाकाची टिक टिक टिक, हळू होत जाणारी.

इथपर्यंत मी आधी ऐकलं होतं. याच्यापुढचं ऐकलं नव्हतं. मी सायकल टाकून उभा राहिलो आणि कान दिले. चाक थांबलं. बेडूकही थांबल्यासारखे वाटले. माझ्या आयुष्यात इतका लांब वेळ दुसरा गेला नाही.

"खाजकुइली!" खालून मिरेय किंचाळली. "मेल्यांनो, मी खाजकुइलीत पडले आहे आणि तुम्ही वर उभे राहून बघताय काय!"

मी रडलो. सगळ्यांदेखत, मोठ्याने, लाज न बाळगता रडलो.

७

तिच्या दोन्ही पायांवर लाल गांधी उठल्या होत्या आणि कोपर खरचटलं होतं. बाकी काही नाही. गाडीवाला बिचारा तिच्यापेक्षा जास्त घाबरला होता. मिरेयने त्याला बसवून वाइन पाजली, आणि मग त्याच्या आईवडिलांबद्दल दोन शब्द ऐकवले. तोवर रेमोंने पावात चीज भरून सगळ्यांना वाटलंही.

"आज आमच्या स्टेशनमास्तरने मेडल मिळवलं," अर्मां पेला उचलून म्हणाला.

"आणि माझ्याकडे पुरावा आहे," ओदेत म्हणाली. तिच्या हँडलवर फोन असतो. पुढची वाट ती चित्रित करते आणि आपल्या बहिणीला पाठवते. तिने फोन मधे धरला. पडद्यावर रिकामी वाट, झाडं, पान न पान दिसत होतं. पुढे सायकली नव्हत्या. एकही नव्हती. आधी रेमोंचं गाणं, मग बेडूक, आणि मग मागून एक चिरका, घाबरलेला आवाज. "मागून गाडी! मिरेय, उजवीकडे! मिरेय!"

तोच आवाज. हौदापाशी ऐकलेला, चेस्टनटखाली ऐकलेला.

"हा कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? तू."

"माझा आवाज असा नाही."

चौघंही माझ्याकडे बघायला लागले आणि मग हसत सुटले. "प्रत्येकाला असंच वाटतं," ओदेत म्हणाली. "मी पहिल्यांदा स्वतःला टेपवर ऐकलं तेव्हा म्हटलं, ही कोण खवचट बाई आहे. स्वतःचा आवाज माणसाला ओळखता येत नाही, ऑक्ताव. जगाला येतो, आपल्याला नाही."

मी दंडावरची पट्टी सोडली आणि मिरेयच्या दंडावर बांधली.

"काय झालं?" ती म्हणाली. "हिरो झालास आणि राजीनामा देतोस?"

"मला कानांचा कंटाळा आलाय," मी म्हणालो. आणि खरंच, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. जे ऐकलं होतं ते घडून गेलं होतं, आणि माझी बायको समोर बसून पाय खाजवत होती.

८

हे मागच्या गुरुवारपर्यंतचं. मागच्या गुरुवारी मिरेय पहिल्यांदा शेवटी होती, मी तिच्यापुढे. तिने पट्टी इस्त्री करून घेतली होती. दोनदा तिने हाक दिली आणि दोन्ही वेळा गाडी आली. मंडळी खूश. रेमों म्हणाला, की आता आम्हाला गोड खायला मिळायचं नाही.

साडेबाराच्या आसपास, शेतांमधल्या उघड्या रस्त्यावर, तिने मागून नुसतंच म्हटलं, "ऑक्ताव!"

"ओ!" मी म्हणालो. या वेळी पहिल्या हाकेला ओ दिली म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटलं. पण ती पुढे काही बोलली नाही, आणि मला वळून बघायचा हक्क नव्हता.

घरी आल्यावर आम्ही अंगणात बसलो. ती उरलेल्या चेरी निवडत होती.

"तुला हसू येईल," ती म्हणाली. "मी आज तुला हाक मारली ना, ती माझी नव्हती. मागून आली, मी सवयीने पुढे दिली. मग आठवलं, की माझ्या मागे कोण असणार?"

मी चेरीची बी तोंडातून काढून हातात धरली.

"बाईचा आवाज होता," ती म्हणाली. "जाड. म्हातारी असेल. आपल्या गावातली नाही, मी सगळ्यांचे आवाज ओळखते."

"काय म्हणाली?"

"तुझं नाव. गाडी-बिडी काही नाही. नुसतं ऑक्ताव, ऑक्ताव. पहिल्यांदा जरा चिडून, जेवायला बोलवतात तसं. मग तशी नाही." तिने खांदे उडवले. "पाच-सहा वेळा तरी. मला तिची कीव आली."

"आणि तो माणूस? त्याने ओ दिली?"

"नाही ऐकू आली."

"किती वाजले होते?"

"तुझी बायको आहे मी. बघितलं घड्याळ. बारा वाजून पंचवीस."

मी मनात झटकन ठरवलं. येत्या गुरुवारी सायकल नाही. गुडघा, ताप, पोटदुखी, काहीही. बारा पंचवीसला मी घरी, या खुर्चीत, पाय वर घेऊन बसलेला असेन, आणि कुठलीही गाडी अंगणात शिरून माझ्या अंगावर येणार नाही. विचार इतका सोपा होता की मला हसू आलं.

"गंमत म्हणजे," मिरेय चेरीची टोपली उचलून आत जाता जाता म्हणाली, "तिच्यामागे कोंबड्या ओरडत होत्या. सगळीकडे नुसता गहू, एक घर नाही, आणि कोंबड्या."

ती आत गेली. अंगणात आमच्या सात कोंबड्या माती उकरत होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसलो. ऊन छान होतं.

"ऑक्ताव!" स्वयंपाकघरातून हाक आली. "कॉफी!"

"ओ!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने, की शेजारणीने खिडकी उघडून बघितलं.

तेव्हापासून मी तिच्या पहिल्या हाकेला ओ देतो. ती म्हणते, या वयात नवरा सुधारला, शेजारणीलाही सांगत सुटली आहे. दिवसातून वीस वेळा उगाचच हाक मारून बघते, आणि मी वीसही वेळा ओ देतो. आम्ही दोघं खूप हसतो.

आज बुधवार आहे.